गाळाखाली गेलेले तीन व्हॉल्व्ह : धातुशोधक यंत्राने घेतलेल्या शोधाचा अनुभव

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या आमच्या गावात शेतकऱ्यांची एक लहान सहकारी पाणीपुरवठा संस्था आहे आणि तिचा मानद सचिव म्हणून मी गेली सहा वर्षे काम पाहतो. नदीकाठच्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसण्याच्या विहिरीपासून, माळावरच्या वितरण कुंडीपर्यंत सुमारे सव्वा किलोमीटर लांबीची बारा इंची बिडाची जलवाहिनी १९८४ साली टाकली गेली. तिच्यावर एकूण सात व्हॉल्व्ह विटांच्या चेंबरमध्ये बसवलेले होते आणि प्रत्येक चेंबरवर दोन फूट व्यासाचे बिडाचे गोल झाकण होते. २००५ च्या महापुरात त्यांतील एक चेंबर गाळाखाली गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर चढले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून आमच्या मळीच्या रानांची काय अवस्था झाली असेल हे कळेल. त्या पुरानंतर आणखी दोन चेंबर दिसेनाशी झाली. वर पोयटा साचला, त्यावर ऊस उभा राहिला आणि लाइन व्यवस्थित चालू असल्याने कोणाला त्यांची आठवणही राहिली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये ओढ्याजवळ लाइनला मोठी गळती लागली, तेव्हा ही विस्मृती आम्हाला महागात पडली. गळती दुरुस्त करायची तर मधला स्लूस व्हॉल्व्ह बंद करून ओढ्यालगतच्या वॉशआउट व्हॉल्व्हने पाणी काढून टाकावे लागते, आणि नेमके हेच दोन व्हॉल्व्ह आम्हाला सापडत नव्हते. तिसरा, लाइनमधील हवा बाहेर सोडणारा रस्त्याकडेचा एअर व्हॉल्व्हही बेपत्ता होता. एका ठेकेदाराने लाइनच्या अंदाजाने सलग चर मारून शोधण्याचे १ लाख ६० हजार रुपये सांगितले. त्यात उभ्या पिकाची भरपाई धरलेली नव्हती. त्यामुळे जमीन न खोदता लोखंड कोठे आहे हे आधी कळावे, असा मार्ग शोधणे भाग होते. अशाच अडचणीत असलेल्या इतर संस्थांना उपयोग व्हावा, म्हणून पुढील पाच महिन्यांत घडले ते तारखांसह लिहीत आहे.

पहिली पायरी कागदांची होती. ८ जानेवारी २०२४ रोजी मूळ आराखड्याची प्रत मिळावी म्हणून मी संबंधित कार्यालयात अर्ज दिला. संस्थेचा ठराव जोडला नाही म्हणून तो पहिल्यांदा परत आला; दुसऱ्यांदा गट नंबरांची यादी मागितली गेली. तिसऱ्या खेपेस २३ फेब्रुवारीला, म्हणजे ४६ दिवसांनी, प्रत हाती पडली. खर्च अवघा १२० रुपये झाला, मात्र तीन दिवस मोडले. संस्थेचा ठराव, सचिवाच्या सहीचे पत्र आणि ज्या गटांतून लाइन जाते त्यांचे सातबारा उतारे पहिल्याच दिवशी जोडले असते, तर यातील निम्मा काळ वाचला असता. आराखड्यावर अंतरे लिहिलेली होती, पण ती ज्या खुणांपासून मोजली होती त्यांतील लिंबाचे झाड केव्हाच तोडले गेले होते आणि एक बांध दोन भावांच्या वाटणीत सरकला होता.

या काळात मी गावातील जुन्या पाटकऱ्यांना भेटलो. त्यांना सगळे आबा म्हणतात; वय ८० च्या पुढे आहे. "झाकणावर उभं राहिलं की जॅकवेलची चिमणी आन् देवळाचा कळस एका रेघेत दिसायचा," असे त्यांनी मला सांगितले. आराखड्यातील आकड्यांपेक्षा हे वाक्य पुढे अधिक उपयोगी पडले, म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की यंत्र आणण्याआधी लाइनवर काम केलेल्या माणसांशी बोलावे आणि त्यांचे म्हणणे शब्दशः लिहून ठेवावे.

मार्चमध्ये ऊस तुटेपर्यंत थांबावे लागले. उभ्या उसात यंत्राची कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी असलेली टोकाची चकती, जमिनीलगत फिरवता येत नाही आणि सरीच्या वरंब्यांमुळे तिची उंची सतत बदलते. दरम्यान रस्त्याकडेच्या भागासाठी खोदाईच्या परवानगीचा अर्ज केला. १,५०० रुपये शुल्क आणि ५,००० रुपये अनामत भरली. ग्रामपंचायतीला, पोलीस पाटलांना आणि तहसील कार्यालयाला लेखी कळवले की आम्ही अमुक गटांत जलवाहिनीचे व्हॉल्व्ह शोधणार आहोत. हे पत्र केवळ शिष्टाचार म्हणून दिलेले नव्हते. धातुशोधक यंत्र हातात घेऊन रानात फिरणाऱ्या माणसाबद्दल गुप्तधनाची चर्चा सुरू होण्यास वेळ लागत नाही. शिवाय १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. कृष्णाकाठची वस्ती फार जुनी आहे. एखादे नाणे वा भांडे निघाले तर काय करायचे, हे आधीच ठरवलेले असावे. आम्हाला तसे काही मिळाले नाही, पण पत्राची पोच खिशात असल्याने दोन वेळा लोकांच्या शंकांना शांतपणे उत्तर देता आले.

२ एप्रिलला संस्थेने १७,८०० रुपयांना एक हातात धरण्याचे यंत्र विकत घेतले. त्याचे काम ज्या तत्त्वावर चालते ते फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. यंत्राच्या टोकाला असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र शिरते. तेथे धातू असेल तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते आणि ते दुसऱ्या वेटोळ्यात पकडले जाते. ही दोन वेटोळी एकमेकांवर अशा बेताने ठेवलेली असतात की धातू नसताना पहिल्याचा परिणाम दुसऱ्यावर जवळजवळ शून्य व्हावा. तो तोल ढळला की यंत्र बोलते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला, यावरून यंत्र धातूच्या जातीचा अंदाज बांधून पडद्यावर एक आकडा दाखवते. तांब्यासारख्या उत्तम वाहकाचा आकडा मोठा येतो, पातळ पत्र्याच्या कपट्याचा लहान. लोखंड स्वतः चुंबकीय होत असल्यामुळे त्याचा संकेत निराळ्या बाजूला पडतो, आणि म्हणूनच बहुतेक यंत्रांत लोखंड वगळण्याची सोय असते.

रानात जाण्यापूर्वी मी सहा दिवस घराच्या परड्यात सराव केला, आणि साऱ्या उपक्रमातील सर्वांत मोलाचा वेळ तोच होता असे मला वाटते. बैलाच्या खुराची पत्री, पितळी तोटी, एक रुपयाचे नाणे, ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा आणि संस्थेच्या गोदामातील सुटे बिडाचे झाकण अशा वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरून प्रत्येकीचा आकडा आणि आवाज वहीत लिहिला. रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे असल्याने यंत्राने ते लोखंडात धरले. खरा धक्का झाकणाने दिला. ते बिडाचे असूनही अर्धा मीटर खोलीवरून यंत्राने त्याला उत्तम वाहकाचा आकडा दिला. मोठ्या सपाट लोखंडात भोवऱ्यांचे प्रवाह इतके बलवान असतात की ते चुंबकत्वाच्या परिणामावर मात करतात, त्यामुळे यंत्राची फसगत होते. याचा अर्थ असा की पडद्यावरचा आकडा वस्तूची ओळख सांगत नाही. वस्तूचा धातू, आकार, जाडी आणि ती कशी पडलेली आहे या सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम तो सांगतो. आमच्या झाकणाचा आकडा कोणता, हे मला माझ्या वहीतूनच कळणार होते, यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतून नव्हे.

१० एप्रिलला सकाळी सहा वाजता आम्ही ओढ्याजवळच्या रानात उतरलो. आबांच्या खुणेप्रमाणे चिमणी आणि कळस एका रेघेत आणले, आराखड्यातील अंतर टेपने मोजले आणि दोऱ्या बांधून दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा चौकोन आखला. पाचट आधी गोळा करून बाजूला काढले होते. जमिनीचा परिणाम वजा करण्यासाठी धातू नसलेली जागा पाहून कॉइल खाली-वर हलवायची असते. आमचा पोयटा एकसारखा असल्याने हे काम सहज झाले. त्यानंतर मात्र दिवसभर निराशा पदरी पडली. लोखंड वगळण्याची सोय बंद ठेवल्यामुळे यंत्र पावलोपावली वाजत होते. पहिल्या एका गुंठ्यातच ७१ संकेत मिळाले. वीस-पंचवीस खणून पाहिले तेव्हा बैलांच्या पत्र्या, ट्रॉलीच्या पिना, नट-बोल्ट, कोयत्याची मोडकी टोके आणि नांगराच्या फाळाचा एक तुकडा निघाला. पिढ्यान् पिढ्या ज्या रानातून उसाच्या गाड्या गेल्या, तेथे दुसरे काय मिळणार! सायंकाळपर्यंत मजुरांचा आणि माझाही धीर सुटत चालला होता. संस्थेच्या पैशांचे मी यंत्र घेतले होते, त्याचे उत्तर सभेत द्यावे लागणार, ही काळजी रात्री झोपू देत नव्हती.

त्या रात्री वही चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. जाताना क्षेत्र अंतरासोबत झपाट्याने क्षीण होते आणि परत येतानाही तसेच होते. त्यामुळे कॉइलच्या मानाने अंतर बरेच असेल, तर लहान वस्तूचा संकेत अंतराच्या सहाव्या घातात घटतो. १० सेंटिमीटरवर असलेल्या पत्रीपासून कॉइल आणखी ३० सेंटिमीटर वर उचलली, तर अंतर चौपट होते आणि या हिशेबाने संकेत चार हजारांहून अधिक पटींनी घटतो. उलट ७० सेंटिमीटर खोलीवरच्या झाकणासाठी अंतर ७० चे १०० होते आणि संकेत केवळ साडेआठ पटींनी कमी होतो. इतक्या जवळच्या अंतरावर प्रत्यक्षातली घट एवढी तीव्र नसते, त्यामुळे हा हिशेब ठोकळच आहे. पण त्यातून दिशा मिळाली. दुसऱ्या दिवशी मी कॉइल जमिनीलगत न फिरवता गुडघ्याच्या किंचित खाली धरून चाललो. पृष्ठभागावरचा सगळा कचरा गप्प झाला आणि आदल्या दिवशी ७१ संकेत देणाऱ्या गुंठ्यात फक्त दोन उरले.

त्यांतला पहिला संकेत खणला तेव्हा कीटकनाशकाचा चेपलेला मोठा पत्र्याचा डबा निघाला. सपाट पत्राही मोठ्या झाकणासारखाच बोलतो, हे परड्यात तपासायचे राहून गेले होते. म्हणून दुसऱ्या जागी कुदळ मारण्याआधी कडा शोधल्या: चार दिशांनी हळूहळू मध्याकडे येत, आवाज जेथे सुरू होतो तेथे चुन्याची खूण केली. अशा सोळा खुणांतून जवळजवळ गोल आकार उमटला. खूण केलेली जागा वर असल्याने आकार मूळ वस्तूपेक्षा मोठा दिसतो, पण गोल गोलच राहतो. पहारीने अलगद टोचत गेलो आणि ७४ सेंटिमीटरवर ठण्ण असा आवाज आला. झाकणावरची अक्षरे गाळ पुसल्यावर दिसली तेव्हा आबांना घेऊन यायला मी स्वतः मोटारसायकल काढली. आराखड्यात २१२ मीटर लिहिलेला हा वॉशआउट जॅकवेलपासून २१६.३ मीटरवर निघाला.

येथे एक खबरदारी सांगतो. शोधताना फावडे, पहार, लोखंडी टोकाचे बूट आणि मोबाइल कॉइलपासून दूर ठेवावेत. वरून विजेची तार जात असेल तर यंत्र विनाकारण कुरकुरते. तेव्हा संवेदनशीलता कमी करावी आणि शक्य असल्यास पंप बंद असतानाच काम करावे. १८८१ मध्ये गोळी लागलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी याच तत्त्वाचे उपकरण वापरले होते, पण गादीतील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे मानले जाते. आम्ही हत्यारांची पिशवी चौकोनाच्या कडेला ठेवून एक तास वाया घालवला, तेव्हा मला ती हकिकत आठवली.

मधला स्लूस व्हॉल्व्ह या रीतीने मिळाला नाही. तीन दिवस चौकोन पालथे घातले आणि अखेर २२ एप्रिलला कोल्हापूरहून पाइप शोधण्याचे यंत्र चालकासह दोन दिवसांसाठी भाड्याने आणले. रोजचे ६,००० आणि येण्याजाण्याचे १,२०० असे १३,२०० रुपये झाले. तत्त्व तेच, पण येथे क्षेत्र वरून सोडण्याऐवजी प्रवाहच पाइपात सोडतात. नुकत्याच सापडलेल्या वॉशआउट व्हॉल्व्हच्या स्पिंडलला (फिरवायच्या दांड्याला) प्रेषकाची, म्हणजे प्रवाह सोडणाऱ्या भागाची, एक तार जोडली आणि दुसरी तार लाइनपासून दूर, काटकोनात जमिनीत ठोकलेल्या सळईला. मग पाइप स्वतःच क्षेत्र पसरवतो आणि ग्राहक, म्हणजे संकेत पकडणारा यंत्राचा दुसरा भाग, घेऊन चालणारा माणूस त्याचा माग काढतो. आमच्या लाइनचे मूळ जोड सुतळी भरून वर शिसे ओतलेले असल्याने प्रवाह सलग वाहत होता. ज्या ठिकाणी पूर्वी दुरुस्तीत रबरी जोड घातला होता तेथे ८ किलोहर्ट्झचा संकेत तुटला. चालकाने ३३ किलोहर्ट्झ निवडल्यावर तो पुढे मिळाला, कारण जास्त वारंवारतेचा प्रवाह असा खंड अधिक सहज ओलांडतो. त्या चालकाने कागदपेन्सिल न घेता खोली कशी मोजतात हेही दाखवले. प्रथम पाइपाच्या डोक्यावरची जागा निश्चित करायची, मग ग्राहकाची कॉइल ४५ अंशांत तिरकी धरून बाजूला सरकत जायचे आणि आवाज जेथे बंद पडतो तेथे थांबायचे. डोक्यापासून तेथपर्यंतचे अंतर म्हणजेच पाइपाच्या मध्याची खोली. आमची लाइन १.४ मीटर खोल निघाली. ओढ्यापासून ती सरळ न जाता किंचित वळलेली होती, हे आराखड्यात नव्हतेच. लाइनची खरी वाट कळल्यावर आमच्या लहान यंत्राने त्या रेघेवर चालत गेलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्लूस व्हॉल्व्हचे झाकण ६० सेंटिमीटरवर सापडले. आम्ही शोधत होतो त्या चौकोनापासून ते नऊ मीटर बाजूला होते. पाइप प्लास्टिकचा असता, तर त्यात प्रवाह सोडताच आला नसता.

एअर व्हॉल्व्हसाठी रस्त्याकडे गेलो तेव्हा जमिनीनेच अडवले. रस्त्याचा भराव मुरूम आणि काळ्या दगडाचा आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिजे असतात, त्यामुळे काही दगड धातूसारखे बोलतात. पोयट्यात केलेली जुळवणी येथे चालली नाही, ती भरावावर पुन्हा करावी लागली आणि कॉइल वर धरूनही शंका राहत होती. दगडाचा संकेत कॉइल थोडी उचलताच विरतो आणि उलटसुलट दिशांनी बदलतो, झाकणाचा दोन्ही दिशांनी सारखा येतो, एवढ्या एका लक्षणावर विसंबून ६ मे रोजी खोदाई केली. परवानगीत दिलेल्या मुदतीचे शेवटचे दोन दिवस उरले होते. झाकण निघाले, पण ते मधोमध फुटलेले होते आणि चेंबर मुरुमाने भरलेले होते.

खर्चाचा हिशेब असा: यंत्र १७,८००, भाड्याचे यंत्र १३,२००, चार मजूर तीन दिवस रोजी ५०० प्रमाणे ६,०००, जेसीबीचे तीन तास ३,३००, रस्त्याचे शुल्क १,५०० आणि आराखडा १२०, एकूण ४१,९२० रुपये. रस्ता पूर्ववत केल्याची छायाचित्रे दिल्यावर अनामत पाच आठवड्यांनी परत मिळाली. आज पुन्हा हे काम करायचे झाले, तर पाइप शोधण्याचे यंत्र मी पहिल्याच दिवशी आणीन, लाइनची रेघ आखून घेईन आणि लहान यंत्र एखाद्याकडून दोन दिवस मागून आणीन.

गळती १४ मे रोजी दुरुस्त झाली. तिन्ही चेंबरच्या भिंती वर उचलून झाकणे जमिनीच्या पातळीवर आणली, प्रत्येकाशेजारी बांधाच्या कडेला सिमेंटचा खांब रोवला आणि जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरे, मोबाइलवर घेतलेले अक्षांश-रेखांश आणि माझ्या वहीतील यंत्राचे आकडे संस्थेच्या ठरावबुकात उतरवले. त्याच वेळी माळावरची शंभर मीटर जुनी पोटलाइन बदलून प्लास्टिकचा पाइप टाकायचा होता. त्याच्यावर वीतभर उंचीवर वेष्टण असलेली तांब्याची तार सलग अंथरली आणि तिची दोन्ही टोके चेंबरमध्ये वर काढून ठेवली, म्हणजे पुढे तिच्यात प्रवाह सोडून पाइपाचा माग काढता येईल.